हौशी गोल्फपटू आणि व्यावसायिक पातळी : अंतर, अटी आणि वाट

गोल्फच्या नियमांत हौशी खेळाडू कोणाला म्हणावे हे त्याच्या कौशल्यावरून ठरत नाही, तो खेळातून पैसा घेतो की नाही यावरून ठरते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेची गोल्फ संघटना या दोन नियामक संस्थांनी १ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या सुधारित नियमावलीप्रमाणे जो खेळाडू ठराविक मर्यादेपलीकडचे बक्षीस स्वीकारतो, स्पर्धेत व्यावसायिक म्हणून उतरतो किंवा मोबदला घेऊन खेळ शिकवतो, त्याचा हौशी दर्जा संपतो. हा भेद कागदावरचा असल्यामुळे, ज्याचा खेळ व्यावसायिकांच्या तोडीचा आहे पण ज्याने पैसा घेतलेला नाही, असा हौशी खेळाडूही असू शकतो. किंबहुना भारतीय गोल्फच्या इतिहासात असे खेळाडू होऊन गेले आहेत. पी. जी. सेठी यांनी १९६५ मध्ये हौशी असतानाच व्यावसायिकांना मागे टाकून इंडियन ओपन ही देशातील सर्वांत मानाची खुली स्पर्धा जिंकली आणि त्यानंतर ती पुन्हा भारतीयाच्या हाती येण्यास १९९१ साल उजाडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारे लक्ष्मण सिंग हेही हौशीच होते.

त्यामुळे ‘हौशी गोल्फपटू व्यावसायिक होऊ शकेल काय’ या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. दर्जा बदलणे हा पहिला, आणि तो एका अर्जाने सुटतो. दुसरा खेळाच्या पातळीचा, आणि तो बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभर सुटत नाही. सिंदी मेघेसारख्या, वर्धा शहराला लागून वाढलेल्या आणि गोल्फच्या मैदानापासून दूर असलेल्या गावातील तरुण, पालक किंवा निवृत्तीनंतर या खेळाकडे वळू पाहणारा नोकरदार जेव्हा हा प्रश्न विचारतो, तेव्हा त्याच्या मनात दुसराच प्रश्न असतो, आणि पुढील विवेचन त्यालाच धरून आहे.

दोन पातळ्यांतील अंतर समजण्यासाठी हँडिकॅप ही कल्पना नीट समजून घ्यावी लागते. गोल्फच्या पूर्ण फेरीत १८ होल, म्हणजे चेंडू घालावयाचे १८ खळगे असतात. प्रत्येक होल निष्णात खेळाडूने किती फटक्यांत पूर्ण करावा याची जी अपेक्षित संख्या ठरवलेली असते तिला पार म्हणतात, आणि १८ होलांचा एकत्रित पार बहुधा ७२ किंवा त्याच्या आसपास असतो. सामान्य हौशी खेळाडूला याहून बरेच अधिक फटके लागतात आणि हे जास्तीचे फटके मोजून त्याची पात्रता एका अंकात मांडण्याची पद्धत म्हणजे हँडिकॅप. २०२० पासून जगभर एकच पद्धत लागू झाली असून तीत प्रत्येक मैदानाला दोन अंक दिलेले असतात. शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला, ज्याला स्क्रॅच खेळाडू म्हणतात, त्या मैदानावर साधारण किती फटके लागावेत हे कोर्स रेटिंग सांगते, तर ते मैदान सामान्य खेळाडूला तुलनेने किती अधिक अवघड जाते हे ५५ ते १५५ या मर्यादेतील स्लोप रेटिंगवरून कळते. मध्यम काठिण्याच्या मैदानाचा स्लोप ११३ धरला जातो. समजा ७२ कोर्स रेटिंग आणि १३० स्लोप असलेल्या मैदानावर एखाद्याने ९० फटक्यांत फेरी पूर्ण केली, तर ९० मधून ७२ वजा करून आलेल्या १८ ला ११३ ने गुणून १३० ने भागले असता १५.६ हा त्या फेरीचा फरक मिळतो, आणि शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांच्या अशा फरकांची सरासरी म्हणजे त्या खेळाडूचा हँडिकॅप निर्देशांक होय.

या व्याख्येतच एक बाब दडलेली आहे आणि ती अनेक उत्साही खेळाडूंच्या नजरेतून निसटते. हँडिकॅप हा खेळाडूच्या नेहमीच्या खेळाचा आकडा नसून त्याच्या चांगल्या दिवसांचा आकडा आहे, कारण वीसांपैकी बारा वाईट फेऱ्या त्यात धरल्याच जात नाहीत. स्क्रॅच खेळाडूची सर्व फेऱ्यांची सरासरी काढली तर ती कोर्स रेटिंगपेक्षा दोन-तीन फटक्यांनी अधिकच निघते. दौऱ्यावर, म्हणजे वर्षभर ठिकठिकाणी होणाऱ्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, खेळणाऱ्या व्यावसायिकांचा दर्जा याच पद्धतीने मोजला तर तो शून्याच्या पलीकडे, म्हणजे अधिक चार, अधिक पाच किंवा त्याहूनही वर जातो, आणि ‘अधिक’ चिन्हाचा अर्थ असा की हा खेळाडू मैदानालाच तेवढे फटके देऊ शकतो. म्हणजे आपल्या क्लबात सर्वांत चांगला ठरलेला, शून्य हँडिकॅपचा खेळाडू चार फेऱ्यांच्या व्यावसायिक स्पर्धेत उतरला, तर तो विजेत्याच्या मागे वीसहून अधिक फटके राहण्याचीच शक्यता जास्त. शिवाय व्यावसायिक स्पर्धेचे मैदान बहुधा ७,००० यार्डांच्या आसपास किंवा त्याहून लांब असते, ग्रीन म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा अधिक वेगवान केलेली असते आणि होलाची जागा मुद्दाम अवघड निवडलेली असते. हँडिकॅप नोंदवणाऱ्या पुरुष खेळाडूंपैकी शंभरात दोनांच्या आसपासच खेळाडू स्क्रॅचपर्यंत पोहोचतात हे ध्यानात घेतले, म्हणजे स्क्रॅच होणे हाच बहुतेकांसाठी आयुष्याचा पल्ला असून व्यावसायिकांची वाट तेथून पुढे सुरू होते, हे स्पष्ट होते.

हे अंतर नेमके कोणत्या फटक्यांत पडते, याविषयी क्लबांतून ऐकू येणारा समज असा की ड्राइव्ह म्हणजे पहिला लांब फटका दिखाऊ असतो आणि खरा पैसा पटिंगवर, म्हणजे ग्रीनवर चेंडू हळुवार ढकलून होलात घालण्यावर मिळतो. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेच्या पीजीए दौऱ्यातील लाखो फटक्यांच्या नोंदींवरून हा समज पुष्कळ अंशी खोडून काढला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे सर्वोत्तम व्यावसायिक आणि त्याच दौऱ्यातील सरासरी व्यावसायिक यांच्यातील फरकात ग्रीनकडे मारलेल्या लांब फटक्यांचा वाटा सुमारे ४० टक्के, ड्राइव्हचा सुमारे २८ टक्के, ग्रीनभोवतीच्या छोट्या फटक्यांचा सुमारे १७ टक्के आणि पटिंगचा सुमारे १५ टक्के पडतो. जगातील उत्तम व्यावसायिकही आठ फुटांवरून मारलेल्या पटांपैकी साधारण निम्मेच होलात घालतात, हे कळल्यावर हौशी खेळाडूच्या मनावरचे बरेच ओझे उतरावे. परंतु त्याच वेळी त्याने हेही लक्षात घ्यावे की दीडशे ते दोनशे यार्डांवरून चेंडू ग्रीनवर, होलाच्या जवळ नेऊन ठेवण्याचे कौशल्य अंगणात किंवा गच्चीवर कमावता येत नाही आणि त्याला खरे मैदानच लागते. वेगाचेही तसेच आहे. पीजीए दौऱ्यातील व्यावसायिकाच्या ड्रायव्हरचे, म्हणजे ड्राइव्ह मारण्याच्या काठीचे, टोक ताशी १८० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते, तर सामान्य हौशी पुरुषाचा वेग दीडशेच्या आसपास असतो, आणि हा फरक तंत्राबरोबरच कोवळ्या वयापासून घडलेल्या शरीराचा असतो.

मग सरावाने काय साधते? अमेरिकेतील पोर्टलंडच्या डॅन मॅक्लॉक्लिन या छायाचित्रकाराने २०१० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, नोकरी सोडून हाच प्रश्न स्वतःवर तपासून पाहिला. त्यापूर्वी तो गोल्फ जवळजवळ खेळलेलाच नव्हता आणि दहा हजार तासांच्या नियोजनबद्ध सरावाने पीजीए दौऱ्यापर्यंत पोहोचता येते का, हे त्याला पाहायचे होते. सहा हजारांच्या आसपास तास झाल्यावर, २०१५ मध्ये पाठीच्या दुखण्याने त्याला थांबावे लागले, आणि तोवर त्याचा सर्वोत्तम हँडिकॅप २.६ पर्यंत उतरला होता. या प्रयत्नाला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तिशीत प्रथमच खेळ हाती घेणारा माणूस पाच वर्षांत क्लबातील बहुसंख्य खेळाडूंना मागे टाकू शकतो हे त्याने दाखवून दिले. परंतु दौऱ्यापासून तो तरीही फार दूर राहिला. दहा हजार तासांची ही कल्पना ज्यांच्या संशोधनावरून लोकप्रिय झाली त्या अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला होता, आणि तो आकडा म्हणजे ओलांडताच प्रावीण्य देणारा उंबरठा नव्हे, याचा त्यांनी स्वतः पुढे वारंवार खुलासा केला. सिंदी मेघेतील नोकरदाराने आठवड्याला सहा तास दिले तर वर्षाला सुमारे तीनशे तास होतात आणि दहा हजारांसाठी तेहतीस वर्षे लागतात, एवढा साधा हिशेब मांडला तरी त्या आकड्याचे आकर्षण कमी होईल.

उशिरा सुरुवात करून शिखर गाठणारे खेळाडू अगदीच नाहीत असे मात्र नाही. व्हिएतनाम युद्धातून परतल्यावर एकविसाव्या वर्षी गोल्फ हाती घेणारे लॅरी नेल्सन यांनी पुढे तीन प्रमुख अजिंक्यपदे मिळवली, आणि तेविसाव्या वर्षी सुरुवात करणारे, लहानपणी मोडल्यामुळे एक कोपर सरळ न होणारे कॅल्व्हिन पीट पीजीए दौऱ्यावर बारा स्पर्धा जिंकले. ही उदाहरणे खरी आहेत, पण ती नेहमी पुढे केली जातात याचे कारणच त्यांच्यासारखी दुसरी उदाहरणे फार थोडी सापडतात हे होय, आणि म्हणून पंचविशीनंतर सुरुवात करणाऱ्याने त्यांच्या आधारावर नोकरी सोडण्याचा निर्णय घेऊ नये.

महाराष्ट्रातील उदाहरणे नेहमीच्या क्रमाला धरून आहेत. १९८७ मध्ये पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरी लष्करी डॉक्टर असलेल्या वडिलांकडून लहानपणीच हा खेळ शिकले, २००७ मध्ये व्यावसायिक झाले, २०११ मध्ये आशियाई दौऱ्यावरील पहिली स्पर्धा जिंकले आणि २०१५ च्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत संयुक्त पाचवे आले. २०२२ च्या प्लेयर्स स्पर्धेत तर विजेतेपद त्यांच्या हातून एका फटक्याने निसटले. पुण्याचेच उदयन माने यांनी आधी हौशी खेळाडू म्हणून भारताचे प्रतिनिधित्व केले, मग विशीच्या मध्यावर व्यावसायिक दर्जा घेतला, देशांतर्गत दौऱ्यावर अनेक विजेतेपदे मिळवली आणि एका अर्जेंटिनी खेळाडूने माघार घेतल्यावर टोकियो ऑलिंपिकच्या साठ जणांत स्थान मिळवले. दोघांच्याही वाटेवर कोवळ्या वयातील सुरुवात, हौशी स्पर्धांची लांब शिडी आणि मग दर्जाबदल हा क्रम दिसतो, आणि दोघांच्याही मागे मैदान सहज गाठता येईल असे शहर किंवा छावणी उभी आहे.

मैदानाची ही जवळीक पैशापेक्षाही किती मोलाची असते, हे विदर्भाच्या वाचकाला महूच्या उदाहरणावरून अधिक पटावे. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले हे इंदूरजवळचे छावणीचे गाव सधन गोल्फपटूंचे केंद्र कधीच नव्हते. तरीही तेथील मुकेश कुमार यांनी देशांतर्गत व्यावसायिक स्पर्धांत शंभराहून अधिक विजेतेपदे मिळवली आणि डिसेंबर २०१६ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, दिल्लीत पॅनासॉनिक ओपन जिंकून आशियाई दौऱ्यावर पहिले विजेतेपद मिळवणारे सर्वांत वयस्क खेळाडू ठरले. महूच्याच मैदानावर घडलेले ओम प्रकाश चौहान २०२३ मध्ये भारतीय व्यावसायिक दौऱ्याच्या गुणानुक्रमात अव्वल आले आणि त्या जोरावर युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरचे प्रवेशपत्र त्यांना मिळाले. भारतीय गोल्फमध्ये कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा, चेंडू शोधणारा आणि फटक्याचा सल्ला देणारा सहायक, स्वतःच विजेता झाल्याची परंपरा जुनी आहे, आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन पुन्हा भारताकडे आणणारे अली शेर हे दिल्ली गोल्फ क्लबातील कॅडीच होते. या खेळाडूंकडे महागडी साधने किंवा परदेशी प्रशिक्षक नव्हते. त्यांच्याकडे होते ते मैदान, रोज पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, आणि जुन्या गुरुगृही राहणाऱ्या शिष्याच्या कानावर जसा दिवसभर रियाज पडत राहतो, तसा त्यांच्या डोळ्यांसमोर दिवसभर चांगला-वाईट खेळ चालू राहत असे. म्हणून हौशी खेळाडूने स्वतःला पहिला प्रश्न विचारावा तो आपण किती तास देऊ शकतो हा नव्हे, आपण मैदानापासून किती जवळ राहू शकतो हा.

सिंदी मेघेच्या दृष्टीने हे उत्तर आज अडचणीचे आहे, कारण खेळायचे म्हणजे सुमारे पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपूर-कामठीकडे पाहावे लागते. आठ ते बारा वर्षांच्या मुला-मुलीला या खेळाची खरी ओढ लागली असेल, तर पालकांनी सुटीत मैदानावर नेऊन, भाड्याच्या किंवा जुन्या, वयाला साजेशा लांबीच्या पाच-सहा क्लबांवर, म्हणजे फटका मारण्याच्या काठ्यांवर, सुरुवात करावी. पूर्ण चौदा क्लबांचा नवा संच घेण्याची घाई करू नये. लष्करात नोकरी असलेल्या कुटुंबांना छावणीच्या मैदानांचा जो लाभ मिळतो, त्याची इतरांनी रीतसर चौकशी करावी, कारण काही मैदाने ठराविक अटींवर नागरिकांनाही प्रवेश देतात. मुलींच्या बाबतीत तर हा विचार अधिक गांभीर्याने व्हावा: लष्करी अधिकाऱ्याची मुलगी असलेली, ऐकू येण्यात अडचण असलेली दीक्षा डागर अठराव्या वर्षी दक्षिण आफ्रिकेची महिला खुली स्पर्धा जिंकली, आणि बंगळुरूची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली. महिलांच्या व्यावसायिक दौऱ्यावरील स्पर्धकांची संख्या पुरुषांपेक्षा कमी असल्यामुळे होतकरू मुलीला तेथे लवकर संधी मिळू शकते, आणि विदर्भातील पालकांनी या बाजूने विचार फारसा केलेला नाही ही खेदाची गोष्ट आहे.

गावात राहून जे करता येते तेही थोडे नाही. पटिंगचा सराव घरात सतरंजीवरही होतो, आणि मीटरभरावरून सलग पन्नास पट चुकू न देण्याचे लक्ष्य ठेवले तर हात आणि नजर या दोन्हींना शिस्त लागते. पऱ्हाटी उपटल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात चिपचा, म्हणजे चेंडू थोडा उचलून पुढे घरंगळू देण्याच्या छोट्या फटक्याचा, सराव करता येतो. मात्र सुमारे ४६ ग्रॅमचा कडक चेंडू पूर्ण ताकदीने लागल्यास प्राणघातक ठरू शकतो, म्हणून वस्तीजवळ पूर्ण फटके फक्त भक्कम जाळीत किंवा हलक्या स्पंजच्या चेंडूनेच मारावेत. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो तेव्हा सराव सकाळी आठच्या आत संपवावा. पाठीचे दुखणे हा या खेळाचा जुना शत्रू असल्याने तिशी ओलांडलेल्याने कमर आणि खांद्यांची तपासणी करून घेतल्याशिवाय सरावाचे तास वाढवू नयेत, आणि शेजारच्या सावंगी मेघे येथे फिजिओथेरपी महाविद्यालय असताना या बाबतीत हयगय करण्याचे कारणही उरत नाही.

पुढची पायरी स्पर्धेची आहे, आणि ती टाळून कोणीही वर गेलेला नाही. भारतीय गोल्फ संघ, ज्याची स्थापना १९५५ मध्ये झाली, वयोगटनिहाय आणि हौशी राष्ट्रीय स्पर्धा भरवतो, आणि तेथील अनोळखी मैदानावरचे, दडपणाखालचे गुण हीच खेळाडूची खरी परीक्षा असते. सोळा-सतराव्या वर्षापर्यंत हँडिकॅप शून्याच्या जवळ आणि विशीच्या आत शून्यापलीकडे तीन-चारपर्यंत गेलेला नसेल, तर दौऱ्याचे स्वप्न उरीपोटी बाळगून शिक्षण सोडणे पालकांनी मान्य करू नये. ज्याचा खेळ तेथवर गेला आहे, त्याच्यासाठी २००६ मध्ये स्थापन झालेल्या प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडियाची दरवर्षी होणारी पात्रता फेरी, जिला क्वालिफाइंग स्कूल म्हणतात, हा दरवाजा आहे. अर्ज भरण्यापूर्वी हौशी दर्जाविषयीच्या अटी काळजीपूर्वक वाचाव्यात, कारण हौशी म्हणून उतरून स्वतःला अजमावणे आणि व्यावसायिक म्हणून नाव नोंदवणे यांचे परिणाम वेगळे असतात. दर्जा एकदा गेल्यावर तो अर्ज करून परत मिळवता येतो, पण त्यासाठी थांबावे लागते.

आत प्रवेश मिळाल्यावरचा अर्थव्यवहारही आधीच समजून घेतलेला बरा. चार फेऱ्यांच्या स्पर्धेत पहिल्या दोन फेऱ्यांनंतर पहिले पन्नास आणि त्यांच्याशी बरोबरी करणारे खेळाडूच पुढे जातात, या छाटणीला कट म्हणतात, आणि कट चुकलेल्याला बक्षिसातील एक रुपयाही मिळत नाही. एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला साधारण पंधरा लाख मिळत असले तरी खालच्या क्रमांकांवर रक्कम झपाट्याने घटते. आसामातील दिगबोईपासून जमशेदपूर, चंदीगड, अहमदाबादपर्यंत पसरलेल्या या दौऱ्याचा प्रवास, मुक्काम, प्रवेशशुल्क आणि कॅडीचे मानधन खेळाडूलाच द्यावे लागते. म्हणून किमान दोन हंगामांचा खर्च हाताशी असल्याशिवाय, आणि तो शेत गहाण न ठेवता उभा राहत असल्याशिवाय, या वाटेवर पाऊल टाकू नये.

दौऱ्यावर खेळणे हाच व्यावसायिकतेचा एकमेव अर्थ नाही, ही बाब आपल्याकडे पुरेशी मांडली जात नाही. गोल्फ शिकवणे हा स्वतंत्र व्यवसाय असून भारतीय गोल्फ संघाशी संलग्न नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया प्रशिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम चालवते, आणि हँडिकॅप एक आकडी असलेल्या, शिकवण्याची हातोटी असलेल्या तिशी-चाळिशीतील खेळाडूला ही वाट खरोखर खुली आहे. मैदानाचे गवत, माती आणि पाणी सांभाळणाऱ्या तज्ज्ञांचीही मागणी असते, आणि कृषी पदवीधराने तिच्याकडे अवश्य पाहावे.

तेव्हा सिंदी मेघेतील ज्या प्रौढ वाचकाला या खेळाची गोडी लागली आहे, त्याने दौऱ्याचे ध्येय बाजूला ठेवून हँडिकॅप एक आकडी करण्याचे ध्येय धरावे, आणि ज्या पालकाच्या घरी दहा वर्षांचे गुणी मूल आहे त्याने महागडे क्लब घेण्याआधी मैदानाच्या जवळ राहण्याची सोय शोधावी. नागपूरला मामाचे किंवा आत्याचे घर असेल, तर सुटीचे दोन महिने मुलाला तेथे ठेवून यंदाच सुरुवात करता येईल.